पावसाचा हिशेब मांडणारा गिरणीवाला

जमशेटजी टाटा हे नाव आपल्याला नवीन नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा होता, ताज हॉटेलची गोष्ट आपण दहा जणांकडून दहा प्रकारे ऐकलेली आहे. मग पुन्हा त्यांच्यावर लेख कशाला, असं कुणालाही वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण सातव्या सेमिस्टरला इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्ससाठी थोडं अवांतर वाचताना एक विषय सारखा समोर यायला लागला, तो म्हणजे हवामानाची जोखीम. कंपन्यांनी कारखाना कुठे काढावा, पैसा कशात घालावा, कर्ज कशावर घ्यावं हे ठरवताना ऊन, पाऊस, दुष्काळ आणि पूर यांचा विचार कसा करायचा, यावर आजकाल जाडजूड रिपोर्ट निघतात. ते चाळता चाळता माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न आपल्याकडच्या एका माणसाने सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच सोडवायला घेतला होता. त्याच्याकडे ना हे शब्द होते, ना कॉम्प्युटर. म्हणून हे चरित्र मी हवेच्या आणि पावसाच्या बाजूने सांगणार आहे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी यांनी पिढीजात भिक्षुकी सोडून मुंबईची वाट धरली आणि व्यापार सुरू केला. मुलगाही मागोमाग मुंबईत आला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला आणि १८५८ साली शिक्षण संपवून वडिलांच्या पेढीत बसायला लागला. पुढच्याच वर्षी त्याला हाँगकाँगला पाठवलं गेलं. वय वीस. आपण त्या वयात एटीकेटी सोडवत असतो!

पहिला धडा : कापसाचा भाव

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या राज्यांतून इंग्लंडला जाणारा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानकडे बघायला लागल्या. मुंबईत अक्षरशः पैशांचा पाऊस पडला. कापसाचे भाव भडकले, त्या पैशांवर नव्या बँका निघाल्या, समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांचे शेअर्स लोक डोळे मिटून घ्यायला लागले. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातलं सर्वांत मोठं नाव. याच उत्साहात एक हिंदी बँक लंडनमध्ये काढायची म्हणून तरुण जमशेटजी इंग्लंडला निघाले.

१८६५ साली युद्ध संपलं. अमेरिकन कापूस पुन्हा बाजारात आला, भाव कोसळले, आणि मुंबईतल्या बँका, कंपन्या, पेढ्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या पडल्या. जमशेटजी लंडनमध्ये होते आणि त्यांच्याजवळच्या हुंड्यांची किंमत रद्दीची झाली होती. त्यांनी पळ काढला नाही. देणेकऱ्यांसमोर उभे राहून सगळी परिस्थिती स्पष्ट सांगितली. त्या लोकांचा त्यांच्यावर इतका विश्वास बसला की हिशेब मिटवण्याचं काम त्यांनी जमशेटजींवरच सोपवलं. इकडे वडिलांनी देणी फेडण्यासाठी घर विकलं.

आता यात हवामानाचा काय संबंध? थेट काही नाही. पण एक गोष्ट इथे पक्की झाली असावी असं मला वाटतं. ज्या गोष्टीवर आपला ताबा नाही, त्या एकाच गोष्टीवर सगळा धंदा टांगला की एका दिवसात रस्त्यावर यायला होतं. ती गोष्ट परदेशातलं युद्ध असेल, नाहीतर न आलेला पाऊस असेल. पुढच्या चाळीस वर्षांत या माणसाने जे जे काढलं, त्यात हा एक प्रश्न कुठे ना कुठे दिसतोच : हे बंद पडलं तर कशामुळे पडेल, आणि त्याची तजवीज आज काय करायची?

नागपूरची कोरडी हवा

१८६८ साली एकवीस हजार रुपये भांडवलावर जमशेटजींनी स्वतःची पेढी सुरू केली. १८६९ मध्ये चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली, तिला अलेक्झांड्रा नाव दिलं आणि दोनेक वर्षांत नफ्याने विकून टाकली. मग लँकेशायरला जाऊन गिरणीचा धंदा नीट बघून आले आणि १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलाची नवी कंपनी काढली.

त्या वेळी गिरणी काढायची तर मुंबईतच, असा रिवाज होता. बंदर जवळ, यंत्रं जवळ, भांडवल जवळ. आणखी एक कारण होतं, ते आपण मेकॅनिकल आणि टेक्स्टाइलवाल्यांनी लक्षात घेण्यासारखं आहे. मुंबईची हवा दमट. कापसाचा धागा हवेतला ओलावा शोषून घेतो. नेहमीच्या प्रमाणित हवेत कापसात कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा असतो. हवा कोरडी झाली की तंतू ठिसूळ होतात, घर्षणाने त्यांच्यावर विद्युतभार साठतो, ते एकमेकांपासून फिस्कटतात आणि धागा तुटत राहतो. धागा तुटला की चाती थांबते, चाती थांबली की उत्पादन घटतं. मुंबईच्या समुद्राने हा प्रश्न फुकटात सोडवलेला होता.

जमशेटजींनी मुंबई सोडून नागपूर निवडलं! एप्रिल-मेमधलं नागपूर ज्याने अनुभवलंय त्याला हा निर्णय किती धाडसाचा होता ते वेगळं सांगायला नको. पण त्यांचा हिशेब असा होता : विदर्भाचा कापूस दाराशी, वरोऱ्याचा दगडी कोळसा जवळ, रेल्वे १८६७ मध्येच येऊन पोचलेली, आणि कापड विकत घेणारा गिऱ्हाईकही आजूबाजूलाच. कापूस मुंबईला न्यायचा, कापड करायचं आणि पुन्हा विदर्भात आणून विकायचं, यात दोन वेळचं भाडं जातं. ते वाचत असेल तर कोरड्या हवेचा उपाय करायला पैसा उरतो.

जागाही कुठली मिळाली, तर जुम्मा तलावाशेजारची दलदलीची. तिथे भराव घालायला लागले तेव्हा नागपूरच्या एका सावकाराने भांडवल द्यायचं साफ नाकारलं. हा माणूस सोनं मातीत घालतोय असं त्याचं म्हणणं होतं. पुढे गिरणी चालायला लागल्यावर त्याच सावकाराने कबूल केलं की माती घालून सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ ला, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, त्याच दिवशी गिरणी सुरू झाली आणि तिचं नाव पडलं एम्प्रेस मिल.

सुरुवातीची यंत्रं स्वस्तातली होती आणि त्यांनी त्रासही दिला. मग जमशेटजी आणि त्यांचे मॅनेजर बेझनजी मेहता (हे मूळचे रेल्वेतले, त्यांना गिरणीचा अनुभव नव्हता) यांनी एकेक करून ती बदलली. रिंग स्पिंडल त्यांनी लवकर आणले. आणि हवेवरचा इलाजही केला. एम्प्रेसमध्ये हवा दमट ठेवणारे ह्युमिडिफायर आणि आग विझवणारे स्प्रिंकलर बसवले गेले. हिंदुस्थानातल्या गिरण्यांत हे करणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी ही गिरणी.

आता हा खर्च शेअरहोल्डरच्या नजरेने बघा. ह्युमिडिफायरने एक गजही कापड जास्त विणलं जात नाही, स्प्रिंकलर तर वर्षानुवर्षं छताला नुसतेच लटकत राहतात. डिव्हिडंडमधून तेवढे पैसे कमी. पण मार्च ते जून असे चार महिने दरवर्षी धागा तुटून होणारं नुकसान, आणि कोरड्या उन्हाळ्यात कापसाच्या गोदामाला कधीतरी लागणारी आग, या दोन्हींची किंमत मांडली की चित्र पालटतं. इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या भाषेत सांगायचं तर नुकसानीची शक्यता गुणिले नुकसान, असं दरवर्षीचं गणित मांडून ते आजच्या किमतीत आणायचं आणि उपायाच्या खर्चाशी ताडून बघायचं. जमशेटजींनी हे सूत्र कागदावर मांडलं होतं का, हा प्रश्न महत्त्वाचा नाही. निर्णय मात्र त्यांनी त्या सूत्राप्रमाणेच घेतला.

दमट हवेचा फायदा यंत्राबरोबर माणसालाही मिळाला का? गरम आणि दमट हवेत बारा-बारा तास उभं राहणं हे काही सुख नव्हे, हेही आपण प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. पण याच गिरणीत १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली, हेही तितकंच खरं. कायद्याने तसं करायला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पाऊस नाही तर कापूस नाही, कापडही नाही

गिरणीच्या आतली हवा ताब्यात आली. बाहेरच्या पावसाचं काय? कापूस हे कोरडवाहू पीक. पाऊस कमी झाला की कापूस कमी, भाव जास्त. दुसऱ्या बाजूने बघा. गिरणीचं कापड घेणारा कोण, तर तोच शेतकरी. पीक गेलं की त्याच्या हातात पैसा नाही, आणि पैसा नसला की नवं धोतर-लुगडं पुढच्या वर्षावर जातं. म्हणजे दुष्काळ गिरणीला दोन्हीकडून मारतो, कच्चा माल महाग करतो आणि तयार माल पडून ठेवतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ जमशेटजींनी पाहिले. दुसरा तर त्यांच्या गुजरातेत छप्पनियो म्हणून आजही आठवला जातो, कारण ते विक्रम संवत १९५६ होतं. लाखो माणसं मेली. गिरणीचा तोटा त्यापुढे काहीच नाही, हे सांगायलाच हवं.

या काळात जमशेटजींच्या डोक्यात इजिप्तचा कापूस होता. तो लांब धाग्याचा, आणि नाईलच्या कालव्यांवर पिकणारा. आपला कापूस आखूड धाग्याचा, आणि पावसाच्या भरवशावर. लांब धाग्याचा कापूस इथेच पिकला तर बारीक सूत काढता येईल, परदेशातून आणायला नको, आणि कालव्याच्या पाण्यावर घेतला तर पावसाचा धोकाही कमी. त्यांनी लागवडीचे प्रयोग केले, त्यावर एक पुस्तिकाही लिहून वाटली. प्रयोग फारसा फळला नाही. पण दिशा बघा : कारखानदार असून तो शेतातल्या पाण्याचा विचार करत होता, कारण त्याच्या ताळेबंदाची पहिली ओळ शेतातच लिहिली जात होती.

नदी बघून कारखाना

पोलादाचं वेड त्यांना फार आधीपासून होतं. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे असा रिपोर्ट १८८२ च्या सुमारास त्यांच्या वाचनात आला होता. पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीच्या कामाचा नव्हता आणि तेव्हाचे खाणकामाचे सरकारी नियम जाचक होते. विषय वीस वर्षं मागे पडला. नियम बदलल्यावर १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले, तिथे चार्ल्स पेज पेरिन या इंजिनिअरला गाठून कामाला लावलं. शोध घेता घेता खनिज मयूरभंजला सापडलं आणि कोळसा झरियाचा ठरला. शेवटी १९०७ मध्ये जागा नक्की झाली ती साकची गावाची, सुवर्णरेखा आणि खरकाई या दोन नद्यांच्या संगमाजवळ.

पोलाद म्हटलं की आपण खनिज आणि कोळसा एवढाच विचार करतो. पण भट्ट्या थंड ठेवायला, गॅस धुवायला, बॉयलरला अफाट पाणी लागतं, आणि तेही बारा महिने. छोटा नागपूरच्या पठारावरच्या नद्या पावसाळ्यात दुथडी आणि मेमध्ये वाळू, अशा असतात. म्हणून दोन नद्यांचं पाणी जिथे एकत्र मिळतं ती जागा मोलाची ठरली. जमशेटजींनी हे पाहिलं नाही, तोवर ते गेले होते. पण १९०२ मध्येच मुलाला, दोराबजींना, लिहिलेल्या पत्रात त्यांनी होणाऱ्या गावाचं चित्र रंगवून ठेवलं होतं. रस्ते रुंद असावेत, कडेला लवकर वाढणारी सावलीची झाडं असावीत, बागा आणि मोकळी मैदानं भरपूर असावीत, असं त्यात सांगितलं होतं. कारखान्याची जागाच ठरलेली नव्हती आणि हा माणूस कामगाराच्या डोक्यावरच्या उन्हाचा विचार करत होता!

लोणावळ्याचा पाऊस, मुंबईचा धूर

आता माझ्या सगळ्यात आवडत्या प्रकरणाकडे येतो. मुंबईच्या गिरण्या वाफेच्या इंजिनावर चालायच्या. कोळसा यायचा हजार मैलांवरून, बंगालकडून रेल्वेने किंवा समुद्रातून बोटीने. खर्च मोठा, पुरवठा बेभरवशाचा, आणि परळ-लालबागवर चिमण्यांचा धूर. इकडे शंभर किलोमीटरवर सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डेव्हिड गॉसलिंग या मुंबईच्या इंजिनिअरने ही कल्पना मांडली आणि जमशेटजींनी ती उचलून धरली : घाटावर पाणी अडवायचं, पाइपातून कोकणात सोडायचं, खाली वीज करायची आणि मुंबईला न्यायची.

ऐकायला सोपं वाटतं. पण यात सगळी जोखीम पावसाची आहे. थोडं गणित करूया, पेपरात नक्की येणार नाही. लोणावळ्याच्या तलावांपासून खोपोलीच्या वीजघरापर्यंत उतार सुमारे ५०० मीटरचा. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो. एमजीएच केलं की ४९ लाख जूल, म्हणजे १.३६ युनिट. टर्बाइन, जनरेटर आणि तारांमधला तोटा धरला तर एक घनमीटर पाण्याला साधारण एक युनिट वीज. आता फक्त एक मेगावॅट वीज ऑक्टोबर ते मे असे आठ कोरडे महिने अखंड द्यायची म्हटलं तर सुमारे ५८ लाख युनिट लागतात, म्हणजे ५८ लाख घनमीटर पाणी आधीच साठवलेलं हवं. टीएमसीत सांगायचं तर ०.२. आणि गिरण्यांना एक मेगावॅटने काय होतंय?

म्हणजे पाऊस चार महिने, विक्री बारा महिने. हा फरक भरून काढायचा एकच मार्ग, धरणं. आणि धरण बांधायचं तर पैसा आज लागतो, वीज विकून तो परत येतो पुढची चाळीस-पन्नास वर्षं. वाफेच्या इंजिनाचं उलटं असतं. इंजिन त्यामानाने स्वस्त, पण कोळशाचं बिल जन्मभर. भांडवल जास्त आणि चालू खर्च कमी, की भांडवल कमी आणि चालू खर्च जास्त, हा निवाडा आजही प्रत्येक ऊर्जा कंपनीपुढे असतो. सौर आणि पवनऊर्जेचंही नेमकं हेच आहे. शिवाय एखादं वर्ष पाऊस दगा देणार हे गृहीत धरून साठा ठेवायचा. किती जास्त? तिथे पावसाच्या जुन्या नोंदी कामाला येतात. जितक्या जास्त वर्षांच्या नोंदी, तितका अंदाज पक्का.

जमशेटजींना हे प्रत्यक्षात आलेलं बघता आलं नाही. १९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नाउहाइमला त्यांचं निधन झालं. १८९८ मध्ये तीस लाखांची मालमत्ता देऊ करून ज्या विज्ञानसंस्थेचा प्रस्ताव मांडला तीही अजून कागदावरच होती, पोलाद नव्हतं, वीज नव्हती. उभं होतं ते फक्त १९०३ चं ताज. पुढचं सगळं दोराबजी, रतनजी आणि बरजोरजी पादशहांसारख्या सहकाऱ्यांनी केलं. पोलादाच्या कंपनीला लंडनमध्ये भांडवल मिळेना तेव्हा १९०७ मध्ये मुंबईत शेअर विक्रीला काढले आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार लोकांनी सोळा लाख तीस हजार पौंड उभे केले. १९१० मध्ये जलविद्युत कंपनी निघाली, १९११ च्या फेब्रुवारीत वळवण धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज सुरू झाली. १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. खोपोलीत उभं राहिलं की डोंगरावरून उतरणारे ते जाड पाइप दिसतात. आपण मुंबई-पुण्याची पोरं पिकनिकला जाताना त्यांच्या शेजारून जातो.

पण खर्च कुणाच्या खात्यावर?

इथेच लेख संपवला असता तर तो गोड झाला असता, पण अर्धवट राहिला असता. वीज वाढवायची म्हणून मुळशीला धरण घ्यायचं ठरलं, तेव्हा मुळा नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची वडिलोपार्जित भातशेती पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं, माणसं तुरुंगात गेली. १९२४ पर्यंत लढा चालला आणि तो हरला. धरण झालंच. जमशेटजी जाऊन तेव्हा वीस वर्षं होत आली होती, त्यामुळे हा निर्णय त्यांच्या नावावर मांडणं बरोबर नाही. पण कल्पना त्यांच्याच योजनेची पुढची पायरी होती, हेही नाकारता येत नाही.

दुसरी गोष्ट. हे पाणी मूळचं इंद्रायणी, आंध्रा, मुळा या नद्यांचं. त्या पूर्वेला वाहतात, भीमेला मिळतात, आणि भीमा जाते सोलापूरकडे. आपण ते पाणी अडवून पश्चिमेला कोकणात सोडतो. पाऊस चांगला असला की कुणाला काही वाटत नाही. दुष्काळ पडला की भीमेच्या खोऱ्यातून मागणी होते की हे पाणी वीज न करता पूर्वेला सोडा. म्हणजे बघा, मुंबईच्या गिरण्यांची जोखीम घाटावरच्या तलावांनी कमी केली हे खरं, पण ती हवेत विरली नाही. तिचा काही भाग मुळशीच्या शेतकऱ्याकडे गेला आणि काही भाग खालच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याकडे. तो भाग कंपनीच्या वहीत दिसत नाही, एवढंच.

मला वाटतं, हवामानाची जोखीम या विषयातला खरा प्रश्न हाच आहे. आज सेबीच्या नियमाने बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात दोन प्रकारच्या जोखमींची चर्चा असते. एक थेट, म्हणजे पूर, उष्मा, दुष्काळ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईतल्या प्रत्येक धंद्याला ती कळली. दुसरी, जग कोळशापासून दूर जाताना येणारी. जमशेटजींच्या स्वप्नातून निघालेल्या पोलाद कंपनीनेच २०२४ मध्ये वेल्समधल्या पोर्ट टालबॉटची शेवटची ब्लास्ट फर्नेस बंद केली. तिथे तोटा होत होता आणि कार्बनचं ओझंही होतं. जागी विजेची भट्टी येते आहे, धूर कमी होईल. पण हजारो कामगारांची नोकरी गेली. पुन्हा तोच प्रश्न : फायदा कुणाचा, खर्च कुणाच्या खात्यावर?

आणखी एक अडचण आपल्या पिढीची आहे, जमशेटजींना ती नव्हती. जुन्या नोंदी बघून पुढचा पाऊस ओळखायचा, हा त्यांच्या काळातल्या सगळ्या धरणांचा आधार. आता वातावरण तापतंय, पाऊस थोड्या दिवसांत जास्त कोसळतोय आणि मधले खंड वाढतायत. शंभर वर्षांत एकदा येणारा पूर म्हणून हायड्रॉलॉजीच्या पेपरात आपण जो आकडा काढतो, तो काढायला वापरलेली शंभर वर्षं आता परत येणार नाहीत. म्हणजे धरण असो, गटार असो, नाहीतर डेटा सेंटर असो, सुरक्षेसाठी जास्तीचा पैसा किती घालायचा हे कुणीतरी अंदाजानेच ठरवणार आहे. तो कुणीतरी म्हणजे दहा वर्षांनी आपल्यापैकीच एखादा असेल. समोर फायनान्सवाले बसलेले असतील आणि विचारतील की या स्प्रिंकलरमधून उत्पन्न किती?

तेव्हा आपल्याकडे उत्तर हवं. नागपूरच्या उन्हाळ्यात धागा का तुटतो ते आधी समजून घेणं, मग त्याची किंमत काढणं, आणि तो खर्च नफा वाटण्याआधी करणं, एवढं तर जमशेटजींकडून शिकता येतं. आणि आपली जोखीम कमी करताना ती कुणाच्या शेतात जाऊन पडतेय, हे त्याच कागदावर लिहायचं, हे मुळशीकडून. पहिलं काम इंजिनिअर करतोच, ते त्याला शिकवलेलं असतं. दुसरं कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही, म्हणून ते आपलं आपणच शिकायला हवं.